पंचविसावा कोण?

२ ऑगस्ट, शुक्रवार

ह्यांची वही उलटी धरून मागच्या बाजूने लिहायला घेतली. निम्म्याहून जास्त ह्यांनी भरली आहे, उरलेली कोरी. कोरा कागद वाया गेलेला मला बघवत नाही. ह्यांच्या शेवटच्या पानापर्यंत पोचले की थांबायचं. ते पान दवाखान्यातलं, औषधाच्या गुंगीत लिहिलेलं. त्यात कामाचं काही नाही.

ठराव केले. विश्वकोशाची रोज दहा पानं वाचायची (सातवा खंड चालू). बाकावरच्या मंडळींशी वाद घालायचा नाही. ओर्केनच्या कामात नाक खुपसायचं नाही, विचारलं तरच सांगायचं.

सात शेल्पेक, म्हणजे आमच्या तेलातल्या पातळ पुऱ्या, तळले, सात जागी दिले. शुक्रवारी तळणीचा वास गेलेल्या माणसाला पोचतो. ह्यांना शेवटच्या वर्षी डॉक्टरांनी तेलकट बंद केलं होतं. आता चालत असावं.

सातवा शेल्पेक अंगणातल्या बाकावर बेकेतला. बेकेत तांब्याच्या कारखान्यात क्रेन चालवायचा, आता डॉमिनो चालवतो. म्हणाला, वहिनी, ओर्केनचा पुढचा गडी तो इंग्रज प्रिचर्डच पाहिजे, फार तोंड सुटलंय त्याचं, ते बंद झालं पाहिजे. मी म्हटलं, तोंड बंद करायला बॉक्सर कशाला, शेल्पेक पुरतो. मग पाऊण तास त्याला समजावलं की प्रिचर्ड म्हणजे निव्वळ वेळ घालवणं आहे. हा वाद नव्हे. समजावणं.

५ ऑगस्ट

अख्खं बल्खाश गाव एकाच प्रश्नावर भांडतंय. आमचा ओर्केन जगज्जेता. चोवीस लढती, चोवीस विजय. पंचविसावा कोण?

लोकांनी भांडावं, हरकत नाही. पण आधीची चोवीस नावं ठरली ती माझ्या स्वयंपाकघरात, या मेणकापडावर. ओर्केनचा बाप भट्टीपाशी अपघातात गेला तेव्हा पोर नऊ वर्षांचं. ह्यांच्या तळघरातल्या बॉक्सिंगच्या हॉलमध्ये आलं, तिथून आमच्या टेबलाशी, ते उठलंच नाही. हे बोलायचे, तो ऐकायचा, मी चहा ओतायचे आणि मधेच एखादं वाक्य टाकायचे. तेराव्या लढतीचं नाव तर माझंच होतं. हे म्हणाले होते, बघू.

तेव्हा मी शास्त्रशुद्ध तक्ता केला. प्रिचर्डला सतरा गुण. समरकंदच्या रख्मातोवला एकोणीस, कारण उझबेकांना हरवलेलं आमच्याकडे सगळ्यांनाच गोड लागतं. क्यूबाचा डावखुरा केसादा, त्याला एक्केचाळीस. गुण निष्पक्षपणे दिले. केसादाचे वीस गुण फक्त एवढ्यासाठी की ह्यांनी तीन वर्षांपूर्वी या वहीत त्याच्या नावाखाली दोन रेघा मारल्या आहेत. बाकी कुणाच्याही नावाखाली एकच आहे.

९ ऑगस्ट, शुक्रवार

रेडिओवरच्या खेळांच्या कार्यक्रमाला फोन लावला. बावीस मिनिटं गाणं ऐकवलं. मग निवेदक म्हणाला, आजी, पाककृतींचा कार्यक्रम मंगळवारी असतो. मी म्हटलं, मला केसादाबद्दल बोलायचंय. म्हणाला, त्याचंही साहित्य मंगळवारीच सांगा. फोन ठेवला त्याने.

शेल्पेक एका बाजूने करपले. तरी वास गेला असेलच.

१४ ऑगस्ट

ओर्केन आला! अलमाटीहून एकटा गाडी चालवत, आठ तास. आत येताना उजवा खांदा दाराच्या चौकटीवर आपटला. आमची दारं जुनी, अरुंद. शिवाय तो आता अंगाने भरला आहे. वजन अजून बहात्तरच आहे म्हणा.

म्हणाला, आपा, एक सांगायचं होतं. मी म्हटलं, आधी चहा, मग माझा तक्ता, मग तुझं. पियाला उजवीकडून पुढे केला, त्याचं लक्षच नव्हतं. टेबलावर ठेवला तर कोपर लागून सांडला. मेणकापड असतं कशासाठी.

तक्ता मोठ्याने वाचला. मान तिरकी करून ऐकत होता. केसादाच्या नावापाशी विचारलं, हे अगांचं म्हणणं आहे? ह्यांना तो अगा म्हणतो. मी वही उघडून दोन रेघा दाखवल्या. बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, अगांनी ठरवलंय तर मी काय बोलणार.

बघा. मी नाक खुपसलं का? त्याने विचारलं.

त्याला काय सांगायचं होतं ते मात्र राहूनच गेलं. महत्त्वाचं असतं तर बोलला असता.

२३ ऑगस्ट, शुक्रवार

जाहीर झालं. ७ डिसेंबर, अस्ताना, ओर्केन विरुद्ध केसादा. वर्तमानपत्राच्या तीन प्रती घेतल्या.

बाकावर सुतक. बेकेतने डॉमिनोची सोंगटी हातातच धरून ठेवली होती. म्हणाला, तेहेतिसाव्या वर्षी त्या डावखुऱ्यासमोर? वहिनी, तो माणूस नाही, घण आहे घण! हा सल्ला ज्याने दिला तो ओर्केनचा वैरी असणार. मी ठरावाप्रमाणे गप्प बसले. मिनिटभर. मग म्हटलं, हा सल्ला ज्याने दिला त्याने या गावाला जगज्जेता दिला. बेकेत उठून उभा राहिला, टोपी काढली, म्हणाला, त्यांनी? मी म्हटलं, त्यांनी. मग सगळेच माझ्याकडे एकेक शेल्पेक मागायला लागले. एकच उरला होता. सात तुकडे केले.

फार दिवसांनी झोप चांगली लागेल.

३१ ऑगस्ट

विश्वकोशात आज दृष्टिपटल आलं. चार पानं सोडावी लागली. ती एकमेकांना चिकटलेली होती.

६ सप्टेंबर, शुक्रवार

एम्मा कार्लोव्हना तळमजल्यावर राहते. डोळ्यांच्या वॉर्डात एकतीस वर्षं नर्स होती. शेल्पेक द्यायला गेले तर तिच्या टीव्हीवर ओर्केनची चोविसावी लढत पुन्हा दाखवत होते. दोघी बसलो. मी अभिमानाने, ती चष्म्याने.

म्हणाली, कुल्पाश, हा कोंबडीसारखा का बघतो? मी म्हटलं, म्हणजे? तर तिने मान वाकडी करून दाखवलं. समोरचं बघायला अख्खं डोकं वळवतोय म्हणाली. उजव्या डोळ्याने त्याला दिसत नाहीये. त्याला डावा डोळा झाकायला लाव आणि विचार, माझी बोटं किती.

मी तिला सांगितलं की ही शैली आहे. ह्यांनीच शिकवलेली. आणि ती नर्स होती, डॉक्टर नव्हे. ती म्हणाली, हो, म्हणून तर माझं कुणी ऐकायचं नाही आणि मग आंधळे व्हायचे. शेवटी जरा जोरातच झालं. निघताना तिने शेल्पेक परत माझ्या ताटलीत ठेवला. अकरा महिन्यांत पहिल्यांदा.

घरी येऊन मीच खाल्ला. आपला आपण खाल्लेला सातांत धरत नाहीत. म्हणजे या शुक्रवारी ह्यांना सहाच पोचले.

ठराव: एम्माकडे जायचं नाही.

७ सप्टेंबर

एम्माकडे गेले होते. मीठ मागायला. घरात मीठ आहे.

१७ सप्टेंबर, दुपार

ओर्केनची बायको रौशन आली होती. रात्रभर गाडीत बसून. कोट काढला नाही, दारापाशीच्या स्टुलावर बसली. मी म्हटलं, वर मानाच्या जागी बस, तू काय परकी आहेस? म्हणाली, आपा, मी भांडायला आलेय, वर बसून भांडता येत नाही.

तिचं म्हणणं असं. ऑगस्टमध्ये ओर्केन आला होता तो बॉक्सिंग सोडतो आहे हे सांगायला. गाडीत वाक्यं पाठ करत आला होता. परत गेला तो केसादा घेऊन. उजवा डोळा दीड वर्षापासून जातो आहे. तपासणीत अक्षरांचा तक्ता वाचायला लावतात, तो त्याने पाठ केला आहे. आपा, झोपेत म्हणतो तो ती अक्षरं, ओळीने! डावखुऱ्याचा डावा हात नेमका त्या आंधळ्या बाजूने येणार. डॉक्टर म्हणतात तिथे एक नीट बसला तर दुसराही डोळा सांगता येत नाही. मी रडले, माझे वडील पाया पडले. तो एकच म्हणतो, बापाने ठरवलंय. तुमच्या तोंडून "नको" आलं तरच थांबेल.

मी म्हटलं, हे बघ, मी ओर्केनच्या कामात नाक खुपसत नाही.

ती हसली. हसण्यासारखं काय होतं कळलं नाही. मग डोळे पुसत म्हणाली, अगांची वही एकदा बघू द्या. शेवटी शेवटी त्यांनी त्याच्याबद्दल काही लिहिलं असेल. मी सांगितलं, ती आता माझी खासगी रोजनिशी आहे. हे खोटं नव्हे.

चहाला तोंड लावलं नाही तिने. पोरगी हट्टी आहे. ह्यांनाही ती फार आवडायची.

२० सप्टेंबर, शुक्रवार

शांतपणे विचार केला. रौशन बायको आहे, बायकांना काळजी वाटणारच. मलाही ह्यांच्या तब्येतीची वाटायची आणि काय झालं? (हे उदाहरण बरोबर नाही. दुसरं शोधायचं.)

चिकटलेली पानं वाफेवर धरली की सुटतात म्हणे. वाचनालयाच्या पुस्तकाला वाफ देणं बरं नव्हे.

२५ सप्टेंबर

वर्षश्राद्धाच्या जेवणाची तयारी. १२ ऑक्टोबर, कारखान्याच्या कँटीनमध्ये. तिथे मी सव्वीस वर्षं पातेली ढवळली, कोणती शेगडी रुसते ते मला माहीत आहे. सत्तर माणसं.

मेंढीचं डोकं मानाच्या माणसाने कापायचं असतं, ते कुणापुढे ठेवायचं यावर माझ्या दिरांचं आणि नणंदेचं फोनवर जुंपलं आहे. मी ठरवून टाकलं, ओर्केनपुढे. ज्याचा बाप जिवंत आहे त्याने डोकं कापायचं नसतं. ओर्केनचा बाप जाऊन चोवीस वर्षं झाली, पण आमच्या घरात त्याने ते कधीच कापलं नाही. ताट ह्यांच्याकडे सरकवायचा. माझा बाप इथे बसलाय म्हणायचा. हे खेकसायचे, मग कान कापून त्यालाच द्यायचे.

बेत असा. मी डोकं त्याच्यापुढे ठेवीन. मग उठून दोन्ही तळवे उघडून, सगळ्यांदेखत केसादाच्या लढतीसाठी आशीर्वाद देईन. आधी चोवीस वेळा ह्यांनी दिला. दिलेला आशीर्वाद परत घेता येत नाही, म्हणून शब्द आधीच पाठ करून ठेवायचे.

ह्यांचं शेवटचं पान आता फार लांब नाही. खाली कागद पातळ आहे, शाई मागून दिसते. मला त्यातला "पाणी" एवढाच शब्द लागतो. दवाखान्यात माणसाला तहान लागणारच.

४ ऑक्टोबर, शुक्रवार

ह्यांच्या तळघरातल्या हॉलवरून गेले. तिथे आता सोफ्यांचं दुकान. वाळूची पोती टांगायचे ते आकडे छतात तसेच आहेत, त्यांना दिवे लावलेत. विकणारी मुलगी म्हणाली, बसून बघा ना, आजी. बसले. फार मऊ. उठायला तिला आणि आणखी एकीला मदत करावी लागली.

ओर्केन थांबला तर तो आमच्या टेबलाशी कशाला येईल आणि कुणाबद्दल बोलायला.

वरचं वाक्य खोडायचं आहे.

११ ऑक्टोबर, शुक्रवार, दुपारी तीन

ओर्केन उद्यासाठी दोन मेंढ्या घेऊन आला. स्वतः कापल्या, स्वतः सोलल्या. मी त्याच्या उजव्या बाजूला उभी राहून तीन बोटं धरली. कसलीही परीक्षा वगैरे नव्हे, सहज. तो सुरी पुसत राहिला. मग म्हणाला, आपा, कुठे गेलात?

उजेड कमी होता. दुपारचे दोन.

१३ ऑक्टोबर, रविवार

कालचं लिहिते. कोरं असं एकच पान उरलं आहे.

जेवण चांगलं झालं. मीठ जरा जास्त. मुल्लांनी कुराण म्हटलं, ह्यांच्याबद्दल सगळे चांगलं बोलले. बेकेत इतकं चांगलं बोलला की मला वाटलं दुसऱ्या कुणाचं वर्षश्राद्ध आहे. मग मी डोक्याचं ताट उचललं आणि ओर्केनपुढे ठेवलं, तोंड त्याच्याकडे करून.

त्याने ताट हळूच फिरवलं आणि शेजारच्या रिकाम्या खुर्चीपुढे सरकवलं. ती खुर्ची रिकामी का ठेवली आहे ते मी कुणाला विचारलं नव्हतं, कुणी मलाही विचारलं नव्हतं. मीच ठेवली होती. ओर्केन म्हणाला, मी या घरच्या पंगतीत डोकं कापत नाही. माझा बाप बसलाय. जोवर या घरातून मला गडी सांगतात तोवर तो बसलाय.

सत्तर माणसं रडली. बेकेत सर्वांत मोठ्याने. रौशन रडली नाही. ती माझ्याकडे बघत होती.

मी उठले. तळवे उघडले. शब्द पाठ होते. सगळ्यांनी तळवे उघडले, ओर्केननेही. मी त्याच्या उजव्या हाताला उभी होते, तर मला बघायला त्याने अख्खं डोकं वळवलं. कोंबडीसारखं.

चोवीस वेळा ह्यांच्याकडे बघताना तो असा वळला नव्हता.

पाठ केलेलं काहीच बोलले नाही. मी म्हटलं, तुझा बाप बसलेला नाही. तो गेल्या ऑक्टोबरात गेला. डोळे मी मिटले त्याचे. ती खुर्ची रिकामी आहे.

मग पिशवीतून वही काढली आणि ह्यांचं शेवटचं पान वाचलं. चष्मा घरी राहिला होता. लागला नाही. पान असं आहे:

"उजवीकडून पाणी दिलं तर ओर्केन घेत नाही. तीनदा करून पाहिलं. बास झालं. चोवीस पुरेत. मी सांगायला उरणार नाही. कुल्पाश, तू सांग."

ते औषधाच्या गुंगीतलं नाही. त्या दिवशी औषधाला त्यांनी नको म्हटलं होतं, हात थरथरू नये म्हणून. जन्मभर कोंबडीच्या पायासारखं अक्षर होतं, या एका पानावर छापल्यासारखं आहे. त्यांच्या उशाशी बसून मीच वही धरली होती.

ओर्केन म्हणाला, केव्हाचं आहे हे? मी तारीख सांगितली. त्याने मनात महिने मोजले असणार. मला वाटलं ओरडेल. ओरडला असता तर बरं झालं असतं.

ताट मी परत त्याच्यापुढे ओढलं आणि सुरी हातात दिली. म्हटलं, काप. तो बसून राहिला. मी म्हटलं, ओर्केन, बाप नसलेल्या माणसाने कापायचं असतं. काप.

उजव्या गालापाशी सुरी लावताना आधी ती ताटावरच घसरली. सगळ्यांनी एकदम आपापल्या चहात बघितलं. दुसऱ्यांदा लागली. तुकडा कापला, खाल्ला. सावकाश खाल्ला. कान कापून रौशनपुढे ठेवला.

तळवे अजून उघडेच होते बाकीच्यांचे, म्हणून आशीर्वाद देणं भाग होतं. मी म्हटलं, घरी जा. एवढंच सुचलं. घरी जायच्या आशीर्वादाला आमीन म्हणायचं की नाही ते लोकांना कळेना. सर्वांत आधी एम्मा कार्लोव्हना म्हणाली, जी मुसलमान नाही. मग बाकीचे.

पातेली घासताना लक्षात आलं, मी विधवा झाले. वर्षभर उशिरा.

१८ ऑक्टोबर, शुक्रवार

कोरं पान नाही. पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूवर बारीक अक्षरात लिहिते आहे.

मॅनेजरने खांद्याची दुखापत जाहीर केली. जगज्जेतेपदाचा पट्टा रिकामा. केसादा आणि रख्मातोव लढतील. बेकेत माझ्याशी बोलत नाही. म्हणतो, बल्खाशचा जगज्जेता एका बाईने जेवणाच्या ताटावर हरवला. पण शेल्पेक घेतला. घेऊन विचारलं, वहिनी, या दोघांत कोण जिंकेल? मी म्हटलं, मला त्यातलं काही कळत नाही.

विश्वकोश परत केला. चिकटलेली पानं वाचली आधी. चिकटलेली नव्हती.

साडेचारला ओर्केन आला. मला वाटलं नव्हतं. रौशन खाली गाडीत बसली होती, आता तीच चालवते. तो दारातून तिरका होऊन आत आला, त्याच्या नेहमीच्या जागी बसला. आम्ही हवामानावर बोललो. तळ्यावरच्या वाऱ्यावर बोललो. हवामानावर बोलायला आम्हां दोघांनाही येत नाही.

तो म्हणाला, आपा, वर्षभर तुम्ही मला का नाही सांगितलं? मी म्हटलं, तू मग आला नसतास. त्याने विचार केला. म्हणाला, खरंच आलो नसतो बहुतेक.

चहा ओतला. पियाला डावीकडून दिला. घेतला.